खालच्या डब्यातला व्हॉल्व्ह

आमच्या घरी व्हॉल्व्ह टिफिनमधून यायचे. सकाळी तीन डब्यांचा टिफिन पोळ्या, भाजी आणि वरण-भात घेऊन नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या घरून लकडगंजला जायचा. संध्याकाळी माझे यजमान सायकलच्या हँडलला अडकवून तो परत आणायचे, तेव्हा सगळ्यांत खालच्या डब्यात, धुतलेल्या जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला एखादा व्हॉल्व्ह असायचा. वरचे दोन डबे मी घासायला टाकायचे आणि खालचा तसाच ओट्यावर ठेवायचे.

याला कारण होतं. यजमानांचं गॅरेज लकडगंजात, दोन आरा मशिनींच्या मधोमध. दिवसभर लाकडाचा भुसा उडायचा. चहावर भुसा, केसांत भुसा, कंदिलाच्या काचेवर भुसा. चाकांवरचे पाटे, म्हणजे गाडीचं वजन झेलणाऱ्या लोखंडी पट्ट्या, बदलायला, ब्रेकचे ड्रम उतरवायला त्याचं काही वाटत नाही. पण हवेचा व्हॉल्व्ह ही वेगळी वस्तू आहे. आतल्या रबरी रिंगेवर भुशाचा एक कण बसला, तरी तिथून हवा सुटते. म्हणून यजमान गॅरेजात व्हॉल्व्ह फक्त काढायचे आणि लावायचे. तो उघडून, धुऊन, नव्या रिंगा घालून भरण्याचं काम घरी, स्वयंपाकघरात. आमच्या घरात सगळ्यांत स्वच्छ जागा तीच होती आणि ती स्वच्छ ठेवण्याचं काम माझं होतं.

कोराडीच्या वीजघराला कोळसा नेणारे ट्रक, कंपन्यांच्या बसगाड्या, असल्या हवेच्या ब्रेकच्या गाड्यांचे व्हॉल्व्ह आमच्याकडे यायचे. काढणारे पुष्कळ होते, भरणारे यजमान एकटे. निदान पूर्व नागपुरात तरी लोक तसं म्हणायचे. "भाऊच्या हातचा व्हॉल्व्ह बोलत नाही," असं म्हणायचे. बोलत नाही म्हणजे फुसफुसत नाही. यजमानांनी कधी पाटी लावली नाही. हे वाक्यच त्यांची पाटी होती.

त्यांचा उजवा हात थरथरायला लागला, ते मला चहाच्या बशीवरून कळलं. कप बशीवर वाजायचा. मग त्यांनी कप-बशी सोडून स्टीलच्या पेल्यात चहा घ्यायला सुरुवात केली. मी पेला पुढे करू लागले. एका संध्याकाळी ते पाटावर बसून व्हॉल्व्ह भरत होते आणि मी शेजारी मेथी निवडत होते. आतली बारीक स्प्रिंग त्यांच्या चिमटीतून उडाली ती थेट माझ्या मेथीत. मी ती शोधली, पुसली, आणि त्यांच्या हातात देण्याऐवजी सरळ जागेवर बसवली. ते बघत राहिले.

"उलटी नाई," एवढंच म्हणाले.

मी उलटी केली. दुसऱ्या दिवसापासून व्हॉल्व्ह मी भरू लागले. यावर आम्ही कधी बसून बोललो नाही. ते समोर बसायचे, सांगायचे, आणि नंतर नंतर सांगायचंही कमी झालं. पाना धरला की त्यांचा हात स्थिर असायचा. मोठं काम गॅरेजात ते स्वतःच करत. फक्त चिमटीत धरायची वस्तू त्यांच्याकडे टिकेना.

मला कामाला शिस्त लागते. रोजची कामं मी कॅलेंडरच्या फाटलेल्या पानामागे लिहून ठेवते, अजूनही. व्हॉल्व्हच्या कामालाही मी माझी शिस्त लावली. सुटे भाग मी जेवणाच्या ताटात मांडू लागले, आणि ताट वाढतात तसेच मांडू लागले. सगळ्यांत आधी निघणारा चाप मिठाच्या जागी. त्याच्या शेजारी, लिंबाच्या जागी, स्प्रिंग. डाव्या हाताला, चटणी-कोशिंबिरीच्या बाजूला, सगळं रबर. उजव्या हाताला, भाजीच्या बाजूला, सगळं लोखंड-पितळ. मधे भाताच्या जागी व्हॉल्व्हचं धड. मीठ कुठे वाढायचं हे माझ्या हाताला विचारावं लागत नाही, त्यामुळे कुठला तुकडा कुठे ठेवला हेही विचारावं लागत नसे. यजमानांनी ते ताट पहिल्यांदा बघितलं तेव्हा हसून म्हणाले, "आता जेवाचं का भराचं?" पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच ताट पुसून माझ्यासमोर ठेवलं.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. मला ते काम आवडायला लागलं होतं. दुपारी मुलं शाळेत, ओटा पुसलेला, अंगावर धुतलेलं लुगडं, आणि ताटात ते चकचकीत तुकडे. शेवटचा चाप टक्कन बसला की मला जो आनंद व्हायचा तो पुरणपोळी न फुटता उलटली तरी होत नाही. आणि हा आनंद माझ्या वाट्याला आला होता तो त्यांचा हात गेला म्हणून. लोक यायचे, बैठकीत बसून म्हणायचे, "भाऊ, तुमच्या हाताले तोड नाही गा." मी आतून चहा आणायचे. यजमान पेल्यात बघत असायचे, मी जमिनीकडे. मला अभिमान वाटायचा आणि त्याच क्षणी लाज वाटायची, आणि चहा निवेपर्यंत दोन्ही तसेच राहायचे.

बाहेर कोणाला कळता कामा नये, हे न बोलता ठरलेलं होतं. व्हॉल्व्ह भरणारा माणूस म्हणून त्यांची ओळख होती. ती गेली असती तर लकडगंजात पाटे बदलणारे कितीतरी होते, त्यांतले ते एक झाले असते.

आता त्या गाडीबद्दल. एका धर्मादाय दवाखान्याची छातीचे फोटो काढणारी गाडी होती, परदेशातून भेट आलेली. ती गावोगाव, खाणींच्या वस्त्यांवर जायची आणि लोकांना आत घेऊन क्ष-किरणांचा फोटो काढायची. आतलं यंत्र नाजूक, म्हणून गाडीला पाटे नव्हते. पाट्यांच्या जागी चाकांवर जाड रबरी फुगे होते, हवेने भरलेले. प्रत्येक बाजूला एक व्हॉल्व्ह आणि त्याला एक दांडी. वजन पडून गाडी खाली बसली की दांडी वर जाते आणि व्हॉल्व्ह फुग्यात हवा सोडतो. वजन उतरलं की उलट. त्यामुळे गाडी रिकामी असो की भरलेली, उभी राहते ती सपाट. पण व्हॉल्व्ह गळायला लागला की त्या बाजूचा फुगा बसतो आणि गाडी कलते. कललेल्या गाडीत फोटो निघत नाही.

अशी गाडी नागपुरात तेव्हा मी तरी दुसरी पाहिली नाही. यजमानांचा तिच्यावर जीव होता. ती गॅरेजात आली की ते आधी इंजिन बंद करायला लावायचे आणि चाकाजवळ कान नेऊन ऐकायचे. शेजारी आरा मशीन ओरडत असताना हवा कुठून सुटते हे ते कानाने सांगायचे. मी एकदा जेवण द्यायला गेले होते, तेव्हा पाहिलं. त्या वेळी त्यांचा हात गुडघ्यावर होता आणि अजिबात हलत नव्हता.

त्या गाडीचा ड्रायव्हर काटोलकडचा होता, बोलायला मोकळा. त्याचं एक टुमणं असायचं. "भाऊ, माह्या गाडीले दुसऱ्या कोनाचा हात लागू देऊ नोका बरं," तो म्हणायचा. "ते परदेशातली बाई आहे. रुसते."

आता तेलाचं सांगते.

रबरी रिंग कोरडी बसवली तर घासून फाटते, म्हणून तिला बोटाने तेलाचा हात लावायचा असतो. यजमानांचा नियम होता आणि त्यांनी तो मला पहिल्या आठवड्यातच सांगितला होता: "रबराले मातीचं तेल लावू नोको. ग्रीस नाई, रॉकेल नाई. रबर फुगते. बियाचं तेल लाव." बियाचं म्हणजे एरंडीचं, त्याची एक छोटी बाटली माझ्या ओट्यावर, हळदीच्या डब्यामागे असायची.

ज्या दुपारी मी त्या गाडीचे दोन्ही व्हॉल्व्ह भरले, त्या दुपारी एरंडीचं तेल संपलेलं होतं. बाटली उलटी करून ठेवली तरी थेंब पडेना. माझ्या त्या दिवसाच्या यादीत रेशन होतं, शाळेत मास्तरांना भेटणं होतं, गहू दळून आणणं होतं, आणि संध्याकाळी व्हॉल्व्ह तयार हवे होते. एरंडीचं तेल आणायला जाऊन यायचं म्हणजे यादी कोलमडणार. आणि शेल्फवर जवसाच्या तेलाची बरणी भरलेली होती. माझ्या भावाच्या शेतातला जवस, घाणीवर काढलेलं तेल. आमच्याकडे भाजीला, ठेच्यावर तेच. मी विचार केला. मातीचं नको, बियाचं लाव. जवस बीच आहे. ग्रीसपेक्षा कितीतरी चांगलं. मला तर वाटलं, एवढा साधा उपाय आधी कसा सुचला नाही. बोट बुडवलं आणि रिंगांना, आतल्या सरकत्या दांडीला, सगळीकडे छान हात लावला.

गाडी गेली. उन्हाळा लागला.

एप्रिलातल्या एका संध्याकाळी आमच्या गल्लीत गाडी आली तेव्हा मुलं तिच्यामागे ओरडत होती, कारण ती एका अंगावर कलून चालत होती. गॅरेजला त्या दिवशी सुट्टी होती, म्हणून ड्रायव्हर सरळ घरी आला होता. उतरला तो बोलतच.

"भाऊ, पाहून घ्या तुमच्या बाईले. कन्हानच्या खाणीवर नेली तं तिथं जाऊन बसली एका कुल्ल्यावर. उठतच नाई."

यजमान अंगणात आले. "हवा भरली होती?"

"भरली तं! इंजिन चालू ठेवून ठेवून डिझेल संपवलं. इकून भरा, तिकून जाऊन राहिली. सकाळपासून लाइन लागली होती गा भाऊ. खाणीतले मानसं, त्यांच्या बाया. एक म्हातारा तं लेकीच्या खांद्यावर हात टेकून आला, खोकलून खोकलून निळा झालेला. डॉक्टर म्हनले, फोटो वाकडा येते, काढून फायदा नाई. दुपारी सगळ्यायले घरी धाडलं. मले म्हनतेत, 'ड्रायव्हर साहेब, परत कधी?' मी काय सांगू? मी कपाळ सांगू?"

त्याने पाणी प्यायलं आणि जरा शांत झाला. मग म्हणाला, "डॉक्टर उद्या सकाळी येनार आहेत. दवाखान्यातले मोठे लोक म्हनून राहिले, हे फुगे-बिगे काढा आन् पाटे बसवा. कोनताही लोहार सांभाळीन."

यजमानांनी पाना आणला, गाडीखाली गेले आणि कललेल्या बाजूचा व्हॉल्व्ह काढून आणला. गाडी तिथेच ठेवून ड्रायव्हर गेला. आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसलो. मी ताट मांडलं, चाप काढला, मिठाच्या जागी ठेवला. स्प्रिंग निघाली, लिंबाच्या जागी ठेवली. पुढे आतली दांडी निघेचना. एरवी ती बोटाने ढकलली की सरकते. मी लाटण्याच्या टोकाने हळूच ठोकली तेव्हा ती कशीबशी बाहेर आली. तिच्यावर पिवळसर, चिकट साय धरली होती. दांडी हवा बाहेर सोडायच्या जागीच चिकटून बसली होती, त्यामुळे फुग्यात हवा टिकत नव्हती.

यजमानांनी ती साय नखाने खरवडली. "हे काय वं?"

"तेल."

"कोन्तं?"

"जवसाचं. एरंडीचं संपलं होतं."

ते नखाकडे बघत राहिले. "आपल्या गॅरेजपाशी तो पॉलिशवाला आहे ना, तो दाराले काय लावते?"

मला उत्तर माहीत होतं. अख्ख्या लकडगंजाला माहीत होतं. जवसाचं तेल लाकडाला लावतात कारण ते हवेने सुकतं आणि त्याचा टणक पापुद्रा होतो. माझ्या माहेरच्या दारांना दर दिवाळीला मी स्वतः ते लावलेलं होतं. दाराचं तेल आणि भाजीचं तेल माझ्या डोक्यात दोन वेगळ्या कप्प्यांत होतं.

"तुम्हीच म्हणालात, मातीचं नको, बियाचं लाव," मी म्हणाले. म्हणताना माझाच आवाज मला आवडला नाही.

"म्हटलं ना. बियाचंच म्हटलं." ते थोडंसं हसले. "मीच जवसाचं नाव घेतलं नाई."

ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

यजमानांनी दुसऱ्या बाजूचा व्हॉल्व्हही काढून आणला आणि मी तो उघडला. तोही त्याच वाटेवर होता. मी सगळं गरम पाण्याने आणि साबणाने धुवायला घेतलं. धुता धुता म्हणाले, "उद्या डॉक्टरांना मी सांगते. तेल मी लावलं म्हणून."

"मंग ते इचारतीन, तेल तू काहून लावलं?"

माझे हात साबणात थांबले. खरं सांगितलं तर त्यांचा हात उघडा पडणार होता. नाही सांगितलं तर वाईट काम त्यांच्या नावावर जाणार होतं. दोन्हीकडून नुकसान त्यांचं, आणि चूक माझी.

"मी सांगतो, माही चूक झाली," ते म्हणाले. "चूक कोनाचीही होते. तेवढ्यानं कोनी मोडत नाई."

सकाळी डॉक्टर आले, सोबत ड्रायव्हर. डॉक्टर पुण्याकडचे, सौम्य बोलणारे. दिवाणावर बसले, चहा घेतला. यजमान म्हणाले, "डॉक्टर साहेब, तेल चुकीचं लागलं माह्या हातून. कन्हानच्या लोकायले तरास झाला. दोन्ही व्हॉल्व्ह धुऊन ठेवले. आज भरून देतो."

डॉक्टर म्हणाले, "भाऊ, तुमच्या हाताबद्दल मला शंका नाही. मला स्वतःला ती गाडी पाट्यांवर नको आहे. यंत्र महिन्याभरात खिळखिळं होईल. पण वरच्यांना मी शब्द दिलाय, की काम माझ्या डोळ्यांसमोर होईल आणि मग मी सांगेन, गाडी ठेवायची की बदलायची. इथेच भरा. मी बसतो."

मी आतल्या दारात ताट घेऊन उभी होते. यजमानांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते सतरंजीवर बसले आणि हात पुढे केला. मी ताट त्यांच्यासमोर ठेवलं.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. वाक्य तयार होतं, रात्रभर तयार होतं: भरते मी, वर्षभर मीच भरतेय. पण मला वाटलं, कदाचित आज जमेल. डॉक्टर समोर असताना हात शहाण्यासारखा वागेल. मी गप्प राहिले आणि पदर मुठीत धरला.

त्यांनी एरंडीचं तेल रिंगांना लावलं, ते जमलं. दांडी आत सरकवली, तीही जमली. मग लिंबाच्या जागेवरून स्प्रिंग उचलली. चिमटी व्हॉल्व्हच्या तोंडापाशी गेली आणि तिथेच थरथरत राहिली. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. स्प्रिंग उडाली आणि दिवाणाखाली गेली.

ड्रायव्हर झटकन गुडघ्यांवर बसला. "थांबा भाऊ, माहे डोळे चांगले आहेत, अक्कलच कमी आहे." त्याने स्प्रिंग शोधून दिली. यजमानांनी परत धरली. परत उडाली. या वेळी ती डॉक्टरांच्या बुटाला लागली. ड्रायव्हर खाली वाकला नाही.

"तिले द्या ते ताट," यजमान म्हणाले.

डॉक्टरांना कळलं नाही. "वहिनींना?"

"वरीस झालं, तेच भरून राहिली. माह्या हाताचं काही खरं नाई आता."

डॉक्टरांनी त्यांचा हात आपल्या हातात घेऊन उलटसुलट बघितला. "मला आधी का नाही दाखवलात?"

"तुमी छातीचे डॉक्टर."

ड्रायव्हर हसला आणि लगेच गप्प झाला.

मी समोर बसले. मनात ठरवलं, हळू करायचं. चाचपडत करायचं, त्यांना विचारत विचारत, म्हणजे निदान सांगणारे ते दिसतील. पण माझे हात ऐकेनात. लिंबाची जागा, मिठाची जागा, टक्. पहिला व्हॉल्व्ह बंद झाला होता आणि डॉक्टरांचा चहाचा कप अजून हातातच होता. दुसरा त्याहून लवकर झाला. ड्रायव्हर म्हणाला, "आई गं! म्हनजे वर्षभर आमची बाई वहिनीच्या भरवशावर फिरून राहिली होती काय गा?"

आणि मला आनंद झाला. तेवढ्यातही झाला. ते मी लपवू शकत नाही.

"तेल मी लावलं होतं, डॉक्टर साहेब," मी म्हणाले. "जवसाचं. ह्यांनी नाही." आता ते सांगून कोणाचा काही फायदा नव्हता.

यजमानांनी पाना घेतला, गाडीखाली जाऊन दोन्ही व्हॉल्व्ह बसवले. इंजिन सुरू झालं, टाकीत हवा भरली, आणि कललेली बाजू हळूहळू वर आली, इतकी सावकाश की आधी कळलंच नाही. गल्लीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. यजमानांनी इंजिन बंद करायला लावलं. सांध्यांना साबणाचं पाणी लावलं, बुडबुडा नाही. मग चाकाशी बसून कान लावला. आम्ही सगळे गप्प उभे राहिलो.

"आवाज नाई," ते म्हणाले.

डॉक्टर खूष होते. गाडी फुग्यांवरच राहणार, असं त्यांनी तिथेच सांगितलं. कन्हानला त्याच आठवड्यात पुन्हा जायचं ठरलं. जाताना त्यांनी हात जोडले. "वहिनी, आता पुढच्या वेळी मी तुमच्याकडेच पाठवतो." त्यांनी चांगल्या मनानेच म्हटलं होतं.

ड्रायव्हरचं तोंड बांधून ठेवणं कोणाला शक्य नव्हतं. आठवड्याच्या आत कोराडीचे ट्रकवाले घरी यायला लागले. दारात उभे राहून विचारायचे, "वहिनी आहेत काय?" यजमान बाहेर बसलेले असले तरी व्हॉल्व्ह त्यांच्यावरून माझ्या हातात द्यायचे. एकाने तर त्यांनाच विचारलं, "काका, व्हॉल्व्हवाल्या बाई इथंच राह्यतात न?" ते म्हणाले, "हो. आत आहेत." आणि आवाज दिला.

कामात काही कमी पडलं नाही, उलट वाढलं. पण संध्याकाळी टिफिन यायचा तो रिकामा. मी खालचा डबा उघडायचे. आत धोतराचं फडकं तसंच घडी घातलेलं असायचं. ते तेवढं रोज न विसरता ठेवायचे, पण त्यात काही नसायचं. जेवताना ते कमी बोलू लागले. गॅरेजात पाटे बदलायचे, सायकलवरून यायचे, पेपर वाचायचे. मी व्हॉल्व्ह भरायला बसले की ते अंगणात जायचे. ताटही पुसून देत नसत. मी एकदा मुद्दाम विचारलं, "ही रिंग जरा घट्ट वाटते, बघता का?" ते आले, वाकले, म्हणाले, "ठीक आहे," आणि परत गेले. रिंग ठीक आहे हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांना कळलं होतं. तसा प्रयत्न मी परत केला नाही.

मग एके दिवशी ड्रायव्हर त्या गाडीचा एक व्हॉल्व्ह घेऊन सकाळीच घरी आला. यजमान आंघोळीला गेले होते. मी टिफिन भरत होते. भाजी भरली, वरण-भात भरला, पोळ्या वरच्या डब्यात घुसवल्या. खालचा डबा मोकळा राहिला. मी व्हॉल्व्ह फडक्यात गुंडाळला आणि त्यात ठेवला.

ड्रायव्हर बघत होता. "वहिनी, हे काय? व्हॉल्व्ह घरीच आहे न. मंग लकडगंजले काहून जाऊन राहिला?"

"तपासायला."

"मंग मले भेटीन कधी?"

"परवा."

तो डोकं खाजवत गेला. यजमानांनी टिफिन उचलला तेव्हा त्यांना वजन कळलं असणार. ते क्षणभर थांबले. मग नेहमीसारखा हँडलला अडकवून निघाले.

दिवसभर मला भुशाची भीती वाटत होती. संध्याकाळी मी खालचा डबा उघडला. व्हॉल्व्ह दोन फडक्यांत गुंडाळलेला होता. यजमान हातपाय धुऊन पाटावर येऊन बसले, खूप दिवसांनी.

"काम्प्रेसर लावून आयकला," ते म्हणाले. "खालच्या रिंगेतून गळून राहिला."

मी ताट मांडलं. चाप मिठाच्या जागी, स्प्रिंग लिंबाच्या जागी. खालची रिंग काढली, तिच्यावर बारीक चीर होती.

तेव्हापासून घरी आलेला प्रत्येक व्हॉल्व्ह सकाळी टिफिनमधून लकडगंजला जातो आणि संध्याकाळी टिफिनमधून परत येतो. गिऱ्हाइकांना मी सांगून ठेवलं आहे की एक दिवस जास्त लागेल. भाऊंनी ऐकल्याशिवाय मी उघडत नाही, असंही सांगते. त्यातलं पहिलं खरं आहे. दुसरं पूर्वी खरं होतं.

अलीकडे मी व्हॉल्व्ह आधीच उघडून बघते. दुपारी, टिफिनमध्ये जाण्याच्या आदल्या दिवशी, आणि तसाच बंद करून ठेवते. कारण मागच्या पावसाळ्यात त्यांनी कानाने ऐकून सांगितलं, "खालची रिंग," आणि गळत होती वरची. मी वळून त्यांच्याकडे बघितलं नाही. दोन्ही काढल्या, दोन्ही नव्या घातल्या. आता मी प्रत्येक व्हॉल्व्हच्या दोन्ही रिंगा बदलते. ते समोर पाटावर बसलेले असतात. "खालचीच होती न?" ते विचारतात, आणि मी म्हणते, "खालचीच."